त्याला ओळखणारी माणसे

"आता बरा आहे का तो?" हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. लग्नात, कब्रस्तानातून परतताना, बेकरीच्या काउंटरवर, ईदच्या दिवशी गळाभेट झाल्यावर. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, म्हणून आम्ही "अल्हम्दुलिल्लाह, मजेत आहे" एवढेच सांगतो. पण खरे उत्तर थोडे लांब आहे. आमचा मुलगा आजारी नाही, त्यामुळे तो 'बरा' होण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला ऑटिझम आहे. तो जन्मापासून असाच आहे आणि असाच राहणार आहे. मात्र दरवर्षी काही ना काही नवे शिकतो आहे. तो अकरा वर्षांचा आहे, त्याला आठ वर्षांची एक बहीण आहे, आणि आम्ही राहुरीत राहतो. ते लांब उत्तर एकदा लिहून काढावे, म्हणून हा लेख.

त्याचे नाव आम्ही इथे देत नाही. मोठा झाल्यावर आपल्याबद्दल कुणाला काय सांगायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. तो हक्क त्याच्यापाशी राहू द्यावा असे आम्हा दोघांना वाटते.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगला घडवलेला आहे, पण आमच्या घरात तो तितकासा बसत नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. आमच्या लेकाला घरात कोण आले, कोण गेले, कुणाची चप्पल दाराशी नाही, दादीने आज कोणता दुपट्टा घेतला आहे, हे सगळे ठाऊक असते. तो फक्त आपल्या डोळ्यांत बघून ते सांगत नाही. जगाकडून येणारे आवाज, उजेड, वास, स्पर्श त्याच्याकडे आपल्यापेक्षा वेगळ्या जोराने येतात. आपण कुकरच्या शिट्टीकडे दुर्लक्ष करतो, त्याला ती कानात खुपते. आपण नवा कुर्ता घालून विसरून जातो, त्याला मानेमागचे लेबल दिवसभर टोचते. म्हणून ईदचे कपडे आमच्याकडे महिनाभर आधी शिवून होतात. ते चार-पाच वेळा धुऊन मऊ केले जातात, लेबल उसवले जाते, आणि ईदच्या आधी दोन-तीनदा तो ते घरातच घालून फिरतो. मग ईदगाहला जाताना रडारड होत नाही.

तो अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळत नसे, पण बाहेरच्या खोलीत खारीच्या पुड्याचा कागद वाजला की धावत येई. म्हणजे ऐकू येत होते. घरातली मोठी माणसे म्हणत, "इसके अब्बा भी देर से बोले थे, बोलेगा आपैच." आम्ही नगरला बालरोगतज्ज्ञांना दाखवले, तिथून पुण्याला पाठवले गेले, आणि 2018 साली, तो साडेतीन वर्षांचा असताना, निदान झाले. डॉक्टरांनी काय काय पाहिले ते इथे सांगतो, कारण ते इतर आईबापांच्या उपयोगी पडेल. मूल हाकेला प्रतिसाद देते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आपण दाखवलेल्या वस्तूकडे बघते का? खोटे-खोटे खेळते का, म्हणजे बाहुलीला चहा पाजणे वगैरे? एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते का? आलेले शब्द गेले आहेत का? यातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल जरी शंका आली, तरी 'बोलेगा आपैच' म्हणत वर्ष घालवू नये. मूल नंतर आपोआप बोलले, तर तपासणीने काही नुकसान होत नाही. नाही बोलले, तर ते वर्ष फार मोलाचे असते.

निदानानंतर पहिला प्रश्न 'का झाले?' हा असतो, आणि आपल्याकडे तो प्रश्न बहुतेक वेळा आईच्या दारात जाऊन उभा राहतो. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली का, मोबाइल बघत बसली का, मुलाला जवळ घेतले नाही का. हा अन्याय जुना आहे. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले. पण पुढची कितीतरी वर्षे तिथल्या मोठमोठ्या जाणकारांनीही आईच्या थंडपणामुळे असे होते असेच मानले. 1964 साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून दाखवून दिले की याचे मूळ शरीरात आणि मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही. रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे वडील होते. आज ही गोष्ट सर्वमान्य आहे. तरीही आमच्या घरात आईला हे प्रश्न विचारले गेलेच, आणि प्रत्येक वेळी उत्तर बापाने द्यायचे असे आम्ही ठरवून टाकले. या एका नियमाने घर शांत राहिले.

दुसरी शंका लसीची. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या मुलाचे निदान ताजे होते आणि धाकटी नुकतीच एक वर्षाची होत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज काहीतरी येत होते. लसीने ऑटिझम होतो, हे त्यातलेच एक. आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की या अफवेचा उगम 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखात आहे. तो लेख 2010 साली नियतकालिकाने स्वतःच मागे घेतला, आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रद्द झाला. आम्ही धाकटीला लस दिली. पुढे 2019 साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही लस आणि ऑटिझम यांचा काही संबंध आढळला नाही. आपल्या वस्त्यांत ही शंका अजून जिवंत आहे, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

मग आले नजर, असर, ताबीज. एका नातेवाइकांनी अमुक ठिकाणी नेण्याचा आग्रह धरला. तिथे 'बांधलेली जबान' खोलतात म्हणे, आणि त्याचे हजारो रुपये घेतात. दुसऱ्या एकाने मोठ्या शहरातल्या एका महागड्या 'पेशी उपचारा'ची जाहिरात आणून दिली. एका हातात धागा, दुसऱ्या हातात चकचकीत कागद; पण दोघांचे म्हणणे एकच होते, पैसे भरा आणि मूल बदलून घ्या. आम्ही दोन्ही नाकारले. दुआ आम्ही रोज करतो. दुआ आणि औषध यांत भांडण नाही, हे आपल्याला प्रेषितांनी (स.) शिकवले आहे: उंटाला आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा. पण ऑटिझम मुळापासून 'घालवणारे' औषध आज जगात नाही. जो कोणी तसा दावा करतो, त्याला दुरूनच सलाम करावा. ज्याने खरोखर उपयोग होतो ते काम हळू, कंटाळवाणे आणि रोजचे असते. बोलायला शिकवणारी स्पीच थेरपी, हातापायांच्या आणि इंद्रियांच्या सवयींवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपी, आणि या दोन्हींत शिकलेले घरी दिवसातून दहा वेळा करणे. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही दर शनिवारी एसटीने नगरला जात होतो. एका तासाच्या थेरपीसाठी अर्धा दिवस जाई. पण त्या एका तासात आम्हीच जास्त शिकायचो, आणि आठवडाभर तेच घरी करायचो.

आता त्याच्या भाषेबद्दल. आमच्या घरात दखनी बोलतात, दाराबाहेर मराठी, शाळेच्या पुस्तकात थोडी इंग्रजी, आणि नमाजमध्ये अरबी. काही जणांनी सल्ला दिला की मुलाशी एकच भाषा बोला, नाहीतर तो गोंधळेल. थेरपिस्टने मात्र वेगळे सांगितले: आईची जी भाषा आहे, ज्या भाषेत लाड येतो आणि रागही येतो, ती तोडू नका. दोन भाषांच्या घरात वाढल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचे नुकसान होत नाही, हे आता अभ्यासांतूनही दिसले आहे. आम्ही दखनी सोडली असती, तर तो दादीपासून तुटला असता. आणि दिवसभर त्याच्याशी सर्वांत जास्त बोलते ती दादीच.

त्याचे पहिले वाक्य होते, "पानी होना क्या?" त्याला तहान लागली होती. आम्ही त्याला रोज हाच प्रश्न विचारायचो आणि मग पाणी द्यायचो. त्याच्या हिशेबात हे वाक्य म्हटले की पाणी येते. पाहुणे हसत आणि म्हणत, "अरे, ये तो हमकोच पूछ रहा!" खरे तर ते वाक्य अगदी बरोबर होते. ऑटिझम असलेली बरीच मुले ऐकलेली वाक्ये तशीच्या तशी परत म्हणतात, आणि त्यातूनच बोलायला शिकतात. हे समजल्यावर आम्ही आमची वाक्ये बदलली. प्रश्न विचारण्याऐवजी त्याच्या तोंडचे वाक्य आम्ही म्हणू लागलो: "मुझे पानी होना." सात-आठ महिन्यांनी तो 'मुझे' म्हणाला. त्या दिवशी दादीने शेजारच्या पाच घरांत शिरखुर्मा पाठवला. ईद दोन महिने लांब होती.

मूसा (अलै.) यांची दुआ आम्हाला या दिवसांत वेगळ्या अर्थाने कळली. अल्लाहने त्यांना फिरऔनकडे जायला सांगितले, तेव्हा त्यांनी मन मोकळे व्हावे, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी अशी विनंती केली, आणि सोबत भाऊ हारून (अलै.) मागितला. इतक्या मोठ्या पैगंबरांनाही बोलण्यासाठी सोबत हवी होती, आणि ती मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आमच्या मुलाच्या सोबतीला चित्रांची कार्डे असली, किंवा त्याच्या वतीने बोलायला बहीण असली, तर त्यात लाजायचे काय?

चित्रांची कार्डे आमच्या भिंतीवर ओळीने लावलेली असतात. दात घासणे, नाश्ता, शाळा, बेकरी, जेवण, झोप. पुढे काय होणार हे दिसले की तो शांत असतो. म्हणून रमजान आमच्यासाठी सर्वांत अवघड महिना होता. जेवणाच्या वेळा बदलतात, रात्री उशिरापर्यंत घर जागे असते, पहाटे भांडी वाजतात, दुपारी सगळे झोपतात. आता आम्ही शाबान लागला की नवी कार्डे करतो: सेहरी, इफ्तार, तरावीह. दहा दिवस आधीपासून ती जुन्या कार्डांशेजारी लावतो. आणि मग एक गंमत झाली. भिंतीवर चिकटवलेला रमजानचा टाइमटेबल त्याला इतका आवडला की तीसही दिवसांच्या सेहरी-इफ्तारच्या वेळा त्याला पाठ झाल्या. आज कालच्यापेक्षा एक मिनिट पुढे की तीच वेळ, हे मोहल्ल्यातली माणसे येता-जाता त्याला विचारतात. तो वर न बघता उत्तर देतो, आणि ते बरोबर असते. 2025 साली ईद 31 मार्चला झाली, आणि तिसऱ्याच दिवशी, 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस आला. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली ठरवलेला हा दिवस पूर्वी आम्हाला फक्त मोबाइलवरच्या निळ्या चित्रांतून माहीत होता. त्या वर्षी आम्ही शेजारच्या मुलांना शिळा शिरखुर्मा खायला बोलावले आणि आमच्या लेकाबद्दल दहा मिनिटे समजावून सांगितले. मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर समजले.

आमची छोटी बेकरी आहे. शाळेतून आल्यावर तो तिथे येतो. भट्टीजवळ त्याला जाऊ देत नाही, पण गार झालेल्या लाद्या मोजून लावणे हे त्याचे काम आहे. आमच्याकडे एका लादीत बारा पाव असतात. एखाद्या लादीचा कोपऱ्यातला पाव तुटून गेला असेल, तर तो ती बाजूला काढतो, आणि कितीही घाई असली तरी गिऱ्हाइकाला देऊ देत नाही. एकदा एक गिऱ्हाईक वैतागले, तेव्हा शेजारी उभा असलेला जुना गिऱ्हाईक म्हणाला, "भाऊ, थांबा जरा. या दुकानात मोजमाप त्याचं असतं." नानकटाईच्या बरण्या तो रंगाप्रमाणे लावतो. आम्ही दमलेलो असताना त्या सरळ ओळी बघून बरे वाटते.

वाचायला तो शाळेत नाही, एसटी स्टँडवर शिकला. थेरपीच्या शनिवारी गाडीची वाट बघताना तो पाट्या बघायचा: श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, नेवासा, शिर्डी. अक्षर ओळखायच्या आधी त्याला गावे ओळखू येऊ लागली. मग आम्ही घरात पाट्या लावल्या: दार, पंखा, दादी, पाणी. पाच वर्षांचा असताना तो वाचत होता, पण बोलत फारसा नव्हता. एका शाळेने त्याला प्रवेश देताना 'इतर पालक काय म्हणतील' असे कारण सांगितले. दुसरीकडे एका गुरुजींनी त्याला एसटीच्या पाट्यांवरून तपासले आणि वर्गात घेतले. कायदा काय सांगतो हे दोन्ही वेळा आम्हाला माहीत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि साध्या शाळेने त्याला नाकारायचे नसते. कायदा खिशात असावाच. पण ते गुरुजी भेटले नसते, तर खिशातला कायदा घेऊन आम्ही अजून फिरत असतो.

आता ते प्रसंग, ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

तो सात वर्षांचा असताना ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी होती. दार उघडे राहिले आणि तो बाहेर पडला. ऑटिझम असलेली मुले अशी निघून जातात हे आम्हाला माहीत होते, म्हणून दाराला वर कडी होती, घंटी होती. पण त्या गर्दीत घंटी कुणाला ऐकू येणार? नगर-मनमाड रस्ता आमच्यापासून फार दूर नाही. त्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक असतात, हंगामात उसाच्या गाड्या असतात. त्याला नाव विचारले तर तो आपले नाव सांगत नव्हता, समोरच्याचे वाक्य परत म्हणत होता. पाऊण तास आम्ही, शेजारी, मशिदीतली पोरे, सगळे पळत होतो. तो एसटी स्टँडवर सापडला. फलाटाशी उभा राहून तो पाट्या वाचत होता, आणि चहाच्या टपरीवाल्याने त्याचा हात धरून ठेवला होता. टपरीवाला आम्हाला म्हणाला, "हा तुमचा शनिवारचा पोरगा ना? ओळखलं मी. म्हटलं, तुम्ही येणारच."

हातात कितीही मोठा दाखला असता तरी त्या दिवशी त्याचा उपयोग झाला नसता. त्याला वाचवले ते ओळखीने. आम्ही त्याला दर शनिवारी घेऊन फिरलो, तो तिथे उड्या मारायचा, मोठ्याने पाट्या वाचायचा, लोक बघायचे, आम्हाला संकोच वाटायचा. पण त्या बघणाऱ्यांतच तो टपरीवाला होता. ज्या घरांत अशी मुले आतल्या खोलीत ठेवली जातात, त्यांना आम्ही हेच सांगतो. लोकांच्या नजरा झेलाव्या लागतील, पण त्याच नजरा एक दिवस मुलाला ओळखतील.

मशिदीचेही तसेच. जुम्याला नेले की तो सफमध्ये गुणगुणायचा, हात हलवायचा. एका बुजुर्गांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की याला आणू नका, लोकांची नमाज बिघडते. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. पण आमच्या मनात ह. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) होते. ते अंध होते. कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते मध्येच आले आणि प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी आली, तेव्हा अल्लाहने सूरह अबस उतरवून समज दिली. पुढे हेच अब्दुल्लाह मदिनेत फजरची अजान देत. रमजानमध्ये त्यांची अजान होईपर्यंत सेहरी खात राहा, असे प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले होते. ते प्रवासाला गेले असता अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्याकडेच असे. मशिदीत लहान मूल रडले की आईची चिंता ओळखून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत, आणि नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली, हेही आपण सगळे लहानपणापासून ऐकतो.

आम्ही इमाम साहेबांना भेटलो. आम्ही हट्ट धरला नाही, त्यांनीही टाळले नाही. ठरले असे: आधी महिनाभर असरच्या थोडे आधी, मशीद रिकामी असताना त्याला आणायचे. वजूखाना दाखवायचा, पंखे मोजू द्यायचे, लाउडस्पीकर कुठे आहे ते दाखवायचे. मग जमाअतच्या वेळी शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ, स्पीकरपासून लांब. जमेल तेवढ्या रकाती, नाही जमले तर बाहेर. एका जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी इब्ने उम्मे मक्तूम यांचा वाकया सांगितला. आमचे नाव घेतले नाही, पण सगळ्यांना समजले. शरीयतने मुलावर आणि ज्याची समज पुरी नाही त्याच्यावर नमाजचा बोजा टाकलेला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच्यावर ती फर्ज आहे म्हणून आम्ही त्याला नेत नाही. मोहल्ल्याने त्याला ओळखावे आणि त्याने मोहल्ल्याला, म्हणून नेतो. आजही तो कधी पहिल्याच रकातीला उठून जातो. पण आता कुणी वळून बघत नाही, आणि तो जाताना त्याची टोपी ते बुजुर्गच उचलून ठेवतात.

थोडे कागदांबद्दल. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात सहा भागांत मिळून 40 बाबी असतात आणि प्रत्येक बाबीला 1 ते 5 गुण देतात. प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड मिळते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि थेरपीचा काही खर्चही निघतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले, आणि 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यांतही ते आहे. हे आपोआप झालेले नाही. दिल्लीत मेरी बरुआ या आईने 1991 साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी केली, मुंबईत 2001 पासून 'उम्मीद' बालविकास केंद्र काम करते आहे. अशा आईबापांच्या आणि डॉक्टरांच्या खटपटीतून ते झाले. नजर लागेल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने काही घरे प्रमाणपत्र काढत नाहीत. आम्ही काढले. जी गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत आहे, ती सरकारला माहीत झाल्याने काही बिघडत नाही.

आणि तो प्रश्न, जो रात्री बेकरी बंद केल्यावर आम्ही दोघे बोलतो. आमच्यानंतर काय? अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होईल आणि आम्ही आपोआप त्याचे पालक राहणार नाही. गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. मालमत्तेचेही आधी समजून घ्यावे. आपल्या शरीयतमध्ये वारसाचे हिस्से ठरलेले आहेत. वसीयत एक तृतीयांशापुरती करता येते, आणि तीही इतर वारसांच्या संमतीशिवाय वारसाच्या नावे चालत नाही. म्हणजे 'मृत्युपत्रात त्याला जास्त लिहून ठेवू' हा मार्ग बंद आहे. हयातीत हिबा करता येतो, पण मुलांमध्ये न्याय राखायचा असतो. खरी गरज असलेल्या मुलासाठी वेगळी तरतूद अनेक आलिम योग्य मानतात. हे मुफ्ती साहेब आणि वकील, दोघांना विचारून, बाकीच्या मुलांना समोर बसवून करावे. ज्यांना आपला माल सांभाळता येत नाही त्यांच्या हाती तो सोपवू नका, पण त्यातून त्यांना खाऊ-घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी गोड बोला, असे कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितले आहे. यातले शेवटचे, गोड बोलणे, आम्हाला मालाच्या व्यवस्थेइतकेच महत्त्वाचे वाटते.

बहिणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. ती त्याची हारून आहे, हे खरे. त्याला काय हवे ते तिला आमच्याआधी कळते. पण ती त्याची चाकरी करायला जन्माला आलेली नाही. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचा राग हे सगळे तिचे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्यापैकी एकजण फक्त तिच्यासोबत असतो. मागच्या महिन्यात तिने विचारले, "भाईजान मोठे झाल्यावर माझ्याकडेच राहणार का?" आम्ही सांगितले, ते तू मोठी झाल्यावर ठरव, तोपर्यंत आम्ही असे करतो की फक्त तुझ्यावरच वेळ येऊ नये. म्हणूनच बेकरीतल्या कामगारांना त्याच्या पद्धती शिकवल्या आहेत. त्याच्या नावाचे बँक खाते आहे, लाद्या लावण्याची मजुरी दर शनिवारी त्याच्या हातात देतो आणि तो ती स्वतः मोजतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गल्लीत असे मूल असेल तर फार काही करावे लागत नाही. त्याच्या नावाने हाक मारा आणि उत्तराची घाई करू नका. तो कान झाकून बसला असेल, तर 'काय झाले, काय झाले' म्हणत गर्दी करू नका, थोडी शांत जागा द्या. लग्नाला बोलवा, आणि डीजे कधी वाजणार ते आधी कळवा, म्हणजे त्याचे आईबाप तेवढ्या वेळापुरते त्याला बाहेर घेऊन जातील. आईला उपाय सांगण्याआधी, ती जेवली का ते विचारा. आणि तो रस्त्यावर एकटा दिसला, तर हात धरून थांबा.

पूर्वी आमची दुआ एकच असे, की हा इतर मुलांसारखा होवो. आता दुआ लांबली आहे. त्याचे शरीर निरोगी राहो, त्याचे काम त्याच्याकडे राहो, त्याच्या बहिणीच्या मनात त्याच्याबद्दल ओझे न राहो, आणि आम्ही नसू त्या दिवशीही राहुरीच्या स्टँडवर, मशिदीत, बेकरीत त्याला नावाने ओळखणारी माणसे असोत. आमीन म्हणा.